बांध सगळ्यांचा, सातबारा कुणाचा?

समुद्राची पातळी वाढते आहे, असा विषय आपल्या बैठकीत काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. हा विषय पर्यावरणवाल्यांचा, शहरातल्या खातेपित्या लोकांचा. आपल्यापुढे ॲट्रॉसिटीचे खटले आहेत, अडकलेल्या शिष्यवृत्त्या आहेत, न भरलेल्या राखीव जागा आहेत, समुद्राकडे बघायला वेळ कुणाला आहे? दुसरी प्रतिक्रिया स्वयंसेवी संस्थांच्या कार्यशाळांतून आलेली असते. गावाने एकत्र यावे, समुदायाने आपले पारंपरिक ज्ञान वापरावे, लोकसहभागातून बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यावे, असे ती सांगते. आमचे म्हणणे असे आहे की या दोन्ही प्रतिक्रिया आपल्याला महागात पडणार आहेत. पहिलीमुळे आपण चर्चेला हजरच राहत नाही. दुसरीमुळे चर्चा होते, पण तिच्यात आपली वाडी नसते.

किनाऱ्यावरचे लोक एकत्र आले तरच समुद्राला तोंड देऊ शकतील, हे खरे आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. पण एकत्र येण्याच्या अटी कोण ठरवतो, बांधावर माती कोण टाकतो आणि त्या बांधामागची जमीन कुणाच्या नावावर असते, हे प्रश्न बाजूला ठेवून झालेली एकी म्हणजे जुन्याच गावगाड्याची डागडुजी असते. हा मुद्दा आम्ही कोकणातल्या खारभूमीच्या उदाहरणावरून मांडणार आहोत, कारण कोकणात तो उघड्या डोळ्यांनी दिसतो.

काही मिलिमीटरचा हिशेब

हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२१च्या अहवालात दिलेला आकडा असा : १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर इतका झाला. ऐकायला हे किरकोळ वाटते. भाताच्या दाण्याच्या लांबीपेक्षाही कमी. एवढ्याने काय बिघडणार?

काय बिघडते ते पेण, अलिबाग, मुरूड, रोहा या बाजूच्या खाडीकाठी समजते. इथली हजारो एकर भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली आहे. खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून मातीदगडाचा लांबच लांब बांध घातलेला असतो, त्याला खारबंदिस्ती म्हणतात. बांधात जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला उघाडीचे दार उघडते आणि शेतात साचलेले पावसाचे पाणी खाडीत जाते. भरतीला दार मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. सगळी शेती या उघडझापीवर उभी आहे. आता समुद्राची पातळी थोडी जरी वर सरकली, तरी ओहोटीला पाणी पुरेसे खाली जात नाही आणि उघाडीतून निचरा व्हायला मिळणारा वेळ कमी होतो. पावसाचे पाणी शेतातच तुंबते. उलट बाजूने, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला भिडते. त्यातच वादळ आले तर बांधाला खांड पडते.

खांड एका शेतकऱ्याच्या शेतासमोर पडते, पण पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. एकदा खार लागलेली जमीन काही पावसाळे धुऊन निघाल्याशिवाय धड पिकत नाही. विहिरीचे पाणी मचूळ होते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या 'पनवेल' नावाच्या जाती काढल्या, त्यांचा उपयोगही होतो. पण दर उधाणाला पाणी भरणाऱ्या जमिनीत कोणतीच जात उभी राहत नाही.

म्हणूनच खारभूमी हे सहकार्याचे पाठ्यपुस्तक आहे. इथे एकट्याने आपला तुकडा वाचवता येत नाही. बांध सलग असतो, तो सगळ्यांनी मिळून राखावा लागतो. खांड पडल्याची हाक आली की रात्री-अपरात्री घमेली, फावडी, पेंढा, बांबू घेऊन माणसे धावायची, ही रीत खाडीकाठच्या जुन्या माणसांना आजही सांगता येते. या सामूहिक श्रमाचा आम्हाला आदर आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

माती कुणाची, मालकी कुणाची

ब्रिटिश काळात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाची पद्धत होती. बाहेरचा मोठा बांध घालणारा आणि राखणारा तो शिलोत्री. त्याबद्दल त्याला पिकातला जादा वाटा मिळे. कागदावर बांध त्याचा किंवा खोताचा. चिखलात उभे राहून तो बांध घालणारे हात मात्र कुळांचे आणि मजुरांचे होते. आगरी, कोळी, कुणबी, महार, कातकरी अशा श्रमिक जातींचे हे हात होते. बांध फुटला की बुडायचे ते त्यांचे कष्ट, आणि पिकला की वाटा न्यायचा तो मालक.

ही व्यवस्था आपोआप गेली नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी या गावी २५ गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. जमीन कसायचीच नाही, असा तो संप सुमारे सहा वर्षे चालला. लोकांनी उपाशी राहून, जंगलातली लाकडे विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण खोतासाठी नांगर धरला नाही. बाबासाहेबांनी या संपाची बाजू घेतली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. एका बाजूला महार, दुसऱ्या बाजूला कुणबी आणि आगरी, अशी जी भिंत खोतांच्या सोयीची होती, ती त्या मोर्चात काही काळ तरी खाली आली.

आपल्या तरुणांनी या इतिहासाकडे आणखी एका कारणासाठी बघावे. बाबासाहेबांनी शेतकऱ्यांना 'तुम्ही सगळे एका गावचे, जमवून घ्या' असे सांगितले नाही. त्यांनी जमिनीच्या मालकीला आणि कायद्याला हात घातला. त्यांच्या लेखी एकी हवी होती ती हक्क बदलण्यासाठी.

पुढे १९४८ साली कुळकायदा आणि खारभूमीचा कायदा, १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्या कुळाला मालक होण्याची वाट मोकळी झाली. हा फार मोठा विजय होता. पण या विजयाची एक हद्द होती. ज्याचे कूळ म्हणून नाव कागदावर होते त्याला जमीन मिळाली. जो कूळही नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतात फक्त मजुरीला जात होता, त्याचे नाव कुठेच नव्हते. बौद्धवाड्या आणि कातकरीवाड्या मोठ्या संख्येने या हद्दीच्या पलीकडे राहिल्या. १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला, बांधांची बरीचशी जबाबदारी शासनाकडे गेली. लाभार्थी कोण? तर ज्याची जमीन बांधाच्या आत आहे तो. मजूर बांधावरही होता, बांधाच्या आतही होता, पण कायद्याच्या व्याख्येत नव्हता.

आज जेव्हा खांड पडते आणि पंचनामा होतो, तेव्हा हीच गोष्ट नव्याने घडते. पंचनाम्याच्या कागदात शेताला रकाना असतो, घराला असतो, गुरांना असतो, होडीला आणि जाळ्याला असतो. लावणी-कापणीचा हंगाम बुडाला म्हणून जिचे महिन्याभराचे रोज गेले, त्या मजूर बाईच्या नुकसानीला सहसा जागा मिळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. बागायतदारांचे नुकसान खरोखरच मोठे होते आणि त्यांना भरपाई मिळायलाच हवी होती. पण भरपाई जमिनीच्या आणि झाडांच्या हिशेबात मोजली जाते. त्या बागेत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याकडे जमीन नाही आणि झाडही नाही. वादळ दोघांच्या अंगावरून गेले, पण मोजले गेले एकाचेच नुकसान.

केरळ : समुद्राखालची शेती आणि झोपडीपुरती जमीन

हे फक्त कोकणातच आहे, असे कुणी समजू नये. केरळमधील कुट्टनाड हा भाग समुद्रसपाटीच्या खाली केलेल्या भातशेतीसाठी जगभर प्रसिद्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली त्याला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान दिला. वेंबनाड तलावातले पाणी बांध घालून अडवायचे, आतले पाणी उपसून टाकायचे आणि तळाच्या चिखलात भात लावायचा, अशी ती शेती. एका बांधाच्या आत येणाऱ्या शेतकऱ्यांची पाडशेखरम नावाची समिती असते. उपसा कधी करायचा, पेरणी कधी करायची, बांधाची दुरुस्ती कशी करायची, हे ती सामूहिकपणे ठरवते. समुद्र वाढत असताना माणसाने कसे जगावे, याचे उदाहरण म्हणून कुट्टनाडचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे.

पण तलावाच्या तळाशी बुडी मारून चिखल वर काढणारे कोण होते? पुलया आणि पराया या अस्पृश्य मानलेल्या जातींचे मजूर. त्यांच्या श्रमावर जमीन निर्माण झाली आणि ती जमीनदारांच्या नावे झाली. जमीनसुधारणेत देशात सर्वांत पुढे गेलेले राज्य म्हणून केरळचे नाव घेतले जाते. तिथे १९७० पासून अमलात आलेल्या सुधारणांनी कुळाला शेतीची मालकी दिली. झोपडीत राहणाऱ्या शेतमजुराला ग्रामीण भागात दिली ती जास्तीत जास्त दहा सेंट, म्हणजे सुमारे चार गुंठे घरापुरती जागा. भात लावणारा पुलया त्या भातजमिनीचा मालक झाला नाही. म्हणून पाडशेखरम समितीत तो सभासद नसतो, मजूर असतो. समिती उत्तम चालते, पण तिच्या सभासदत्वाचे दार सातबाऱ्यासारख्याच एका कागदाने उघडते. चरी आणि कुट्टनाड यांच्यामध्ये शेकडो किलोमीटर अंतर आहे, दोन्हीकडचा धडा मात्र एकच आहे.

नागपट्टिणम : पाणी आले त्या दिवशी

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, ती भूकंपामुळे. समुद्राची पातळी वाढल्यामुळे नव्हे. तरीही ते उदाहरण इथे लागू पडते, कारण किनाऱ्यावरचे गाव संकटाच्या दिवशी कसे वागते ते त्यातून दिसले. तामिळनाडूत सर्वाधिक हानी नागपट्टिणम जिल्ह्यात झाली. एकट्या त्या जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे मेली. मरणाऱ्यांत सर्वांत जास्त मच्छीमार होते. त्यांचे दुःख कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. मच्छीमार गावांच्या जातपंचायती संघटित होत्या, त्यामुळे मदत वाटपाचे काम त्यांच्यामार्फत झपाट्याने झाले. जगभर याचे कौतुक झाले.

त्याच वेळी मानवी हक्क संघटनांनी दुसरी बाजू नोंदवून ठेवली. किनाऱ्यापासून थोडे आत राहणारे दलित मिठागरात, शेतात, मासळी वाहण्याच्या आणि जाळी ओढण्याच्या मजुरीवर जगत होते. त्यांच्याकडे होडी नव्हती म्हणून ते 'बाधित' ठरले नाहीत. निवाऱ्यांत त्यांना सोबत राहू देण्यास विरोध झाला, पाण्यावरून आणि जेवणाच्या पंगतीवरून भेदभाव झाला, कुठे छावण्याच वेगळ्या कराव्या लागल्या. कुजलेली प्रेते उचलायला मात्र दूरदूरच्या नगरपालिकांतून सफाई कामगार आणले गेले, आणि ते कोणत्या जातीचे होते हे सांगायला नको.

इथे ज्याने भेदभाव केला तो समाजही मागासवर्गीयच होता, स्वतः होरपळलेला होता. म्हणजे केवळ संकट एक आल्याने माणसे एक होत नाहीत. समुद्र जात बघत नाही, हे वाक्य भाषणात छान वाटते. पण समुद्राच्या काठावरचे घर, निवारा, नळ आणि यादी या चारही ठिकाणी जात असते, आणि पाणी माणसापर्यंत पोचते ते या चार गोष्टींतून.

'समुदाय' म्हणजे कोण?

समाजशास्त्रात 'समुदाय' हा शब्द फार जपून वापरावा असे शिकवतात. सरकारी योजनांत तो फार सैलपणे वापरतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांना जे खणखणीत उत्तर दिले, ते आपण सगळे जाणतो. ज्याला काही लोक आदर्श ग्रामराज्य म्हणत होते, ते त्यांच्या मते संकुचितपणाचे आणि जातीय वृत्तीचे आगर होते, म्हणून घटनेचा घटक त्यांनी खेडे न धरता व्यक्ती धरली. आज 'ग्रामसमुदायाच्या नेतृत्वाखाली हवामान अनुकूलन' असे शब्द प्रकल्प-अहवालांत येतात, तेव्हा तो जुना गोडवा नव्या कपड्यात परत येत असतो.

कोकणात समुदाय म्हणजे व्यवहारात गावकी. गावकीच्या बैठकीत बौद्धवाडीला स्थान किती, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. गावकीविरुद्ध बोलणाऱ्याला वाळीत टाकण्याचे प्रकार रायगड जिल्ह्यात इतके झाले की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. वाळीत टाकलेल्यांत केवळ दलित नव्हते, आगरी, कोळी, कुणबी कुटुंबेही होती. आता विचार करा : उद्या खाडीकाठच्या गावात 'आपत्ती समिती' बसली आणि तिचा कारभार गावकीकडे गेला, तर होडी कुणाकडे आधी येईल? शाळेच्या इमारतीतली कोरडी खोली कुणाला मिळेल?

यावर एक आक्षेप हमखास येतो. आम्ही तो बैठकांत अनेकदा ऐकला आहे. संकटाच्या वेळी तरी जात काढू नका, एकी मोडेल. या आक्षेपामागे नेहमीच वाईट हेतू असतो असे आम्ही म्हणत नाही. बांध खरोखरच फुटत असताना भांडत बसणे परवडत नाही. पण उत्तर सरळ आहे. जात आपण काढत नाही, ती निवाऱ्याच्या दाराशी आधीच उभी असते. तिचे नाव घेतले म्हणून एकी मोडत असेल, तर ती एकी एका गटाच्या गप्प बसण्यावर चालली होती, एवढेच सिद्ध होते. शिवाय अशी एकी कामाचीही नसते. ज्या मजुराला बांधामागच्या जमिनीत काही मिळत नाही, त्याने मध्यरात्री खांड बुजवायला का यावे? पूर्वी तो मालकाच्या धाकाने येत होता. धाक गेला, माणसे मुंबईला गेली, बांध ओस पडले. बांध टिकवायचा असेल तर त्याच्यामागे सगळ्यांचा वाटा असावा लागेल. न्याय इथे व्यवहाराच्या आड येत नाही. न्यायाशिवाय व्यवहारच चालत नाही.

आपण काय मागायचे, काय करायचे

नुसती टीका करून थांबणे ही आपली परंपरा नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत ओडिशाच्या पुरांवर बोलले. पाणी जास्त आहे म्हणून नशिबाला दोष देण्याऐवजी ते साठवून माणसाच्या उपयोगी कसे आणता येईल, असा त्यांचा रोख होता. पाण्याचा प्रश्न त्यांनी दैवावर सोडला नाही आणि केवळ अभियंत्यांवरही सोडला नाही. त्याच रीतीने काही ठोस कामे आपल्यासमोर ठेवतो.

पहिले काम, आपल्या वाडीची आपणच मोजणी करणे. प्रत्येक किनारी तालुक्यात शिकलेली मुलेमुली आहेत. मोठ्या उधाणाचे पाणी कुठपर्यंत आले, कोणत्या विहिरी मचूळ झाल्या, किती घरे गावठाणात आणि किती गावठाणाबाहेर, कुणाचे घर कुणाच्या नावावर, किती माणसे मजुरीवर आणि किती दिवस काम बुडाले, याची तारखेसह आणि फोटोसह नोंद ठेवा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत. आपली वाडी त्या मोजणीत आली का, हे तपासा. आली नसेल तर लेखी हरकत द्या. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसानही नाही, असा सरकारी कागदाचा न्याय असतो.

दुसरे, किनारा व्यवस्थापन आराखड्याची सुनावणी. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ अशी बदलत आली. दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०१९ मध्ये २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला गेला. याचा फायदा रिसॉर्टवाल्यांनी घ्यायचा आणि धोका वाडीने, असे होऊ द्यायचे नसेल तर जिल्ह्याच्या नकाशावर आपली वस्ती, आपली स्मशानभूमी, आपला विहार आणि आपली खाडीकडे जाणारी वाट दाखवली आहे का, हे सुनावणीत विचारले पाहिजे. तिथे मच्छीमार संघटना जातात. आपण जात नाही.

तिसरे, बांधाच्या समितीत मजुराला जागा. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली देशात सर्वांत आधी केला. खारबांधाची दुरुस्ती, उघाड्यांची साफसफाई, बांधाबाहेर तिवरांची लागवड ही कामे रोजगार हमीतून, वेळेवर मजुरी देऊन झाली पाहिजेत. बांधाबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीत जमीनमालकांइतक्याच जागा राबणाऱ्यांना, त्यातही बायांना, मिळाल्या पाहिजेत. बांधामागची पडीक आणि सरकारी खारजमीन भूमिहीनांच्या गटांना मत्स्यशेतीसाठी देण्याची मागणीही याच्याशी जोडावी. जिताडा पाळून चार पैसे करण्याची कला रायगडला नवी नाही.

चौथे, मदतीतला भेदभाव हा कायदेशीर गुन्हा म्हणून लढणे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याचे कलम ६१ सांगते की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी असले पाहिजे, ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे असतात तसे. पंचनाम्यात मजुरांच्या बुडालेल्या रोजाचा रकाना मागा.

पाचवे, स्थलांतराची वेळ आलीच तर जमिनीसह. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातील सातभाया या सात गावांपैकी बहुतेक गावे समुद्राने गिळली. उरलेल्या कुटुंबांना बागपतिया इथे वसवले गेले. घराला जागा मिळाली, पण शेती आणि किनाऱ्यावरचा रोजगार मागे राहिला, आणि कमावती माणसे परराज्यांत गेली. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची शिफारस २०२१ ते २०२६ या काळासाठी केली होती. असा पैसा कोकणात कुठे आला, तो कुणाच्या गावाला लागला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ज्याची जमीन गेली त्याला जमीन द्या, आणि ज्याची नव्हतीच त्यालाही या निमित्ताने द्या, ही आपली मागणी असली पाहिजे. नाहीतर भूमिहीन माणूस एका किनाऱ्यावरून उठून दुसऱ्या ठिकाणी भूमिहीनच राहील.

सहावे आणि सर्वांत अवघड काम मैत्रीचे आहे. बांध फुटून पडीक झालेल्या शेतात तिवरे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशापासून कांदळवनाला संरक्षण आहे, म्हणून ते शेत पुन्हा लागवडीखाली आणता येत नाही. शेतकरी तिवरांना शत्रू मानतो, कोळ्याला मात्र तीच तिवरे मासळीसाठी हवी असतात. कातकरी कुटुंब त्याच चिखलात चिंबोऱ्या पकडते. कंपनीला हे भांडण सोयीचे असते, कारण कंटाळलेला शेतकरी जमीन विकून मोकळा होतो. आपली भूमिका स्पष्ट असावी : बांधाबाहेरची तिवरे राखली पाहिजेत, कारण लाटेचा पहिला मार तीच झेलतात, आणि शासनाने बांध राखला नाही म्हणून ज्याचे शेत गेले, त्याला व त्या शेतावर राबणाऱ्यालाही भरपाई मिळाली पाहिजे. ही भूमिका घेऊन आपण आगरी, कोळी, कुणबी, कातकरी यांच्यासोबत बसू शकतो. सोबत बसायचे ते आश्रित म्हणून नव्हे, १९३८ सारखे बरोबरीचे भागीदार म्हणून.

विहाराचे दार

शेवटी आपल्या स्वतःच्या घराबद्दल. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक बौद्धवाडीची गावशाखा आहे आणि मुंबई शाखा आहे. गिरणीतल्या, गोदीतल्या, महानगरपालिकेतल्या आपल्या माणसांनी पगारातून वर्गणी काढून गावी समाजमंदिरे आणि विहार उभे केले. किनाऱ्यावर इतकी जुनी, इतकी शिस्तबद्ध आणि सरकारी पैशाशिवाय चाललेली संघटना शोधावी लागेल. हवामान अनुकूलनाच्या कोणत्याही अहवालात तिचा उल्लेख आम्ही वाचलेला नाही. ही संघटना जयंती आणि वर्षावासापुरती न ठेवता आपण या कामाला जुंपली पाहिजे. विहाराची इमारत वादळात टिकेल अशी आहे का, छत आणि जोते किती मजबूत आहे, तिथे पाण्याची टाकी, दिवे, औषधे आहेत का, हे पावसाळ्याआधी पाहणे प्रत्येक शाखेला शक्य आहे.

आणि तो निवारा सगळ्यांसाठी उघडा असावा. कुणी म्हणेल, ज्यांनी आपल्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांच्यासाठी का? २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब बोटीने सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदरात उतरले आणि शेकडो सत्याग्रही चालत महाडला गेले. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला तहान लागली होती म्हणून ते मागत नव्हते. माणूस म्हणून समतेचा पाया घालण्यासाठी तो संगर होता, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. ज्या तत्त्वावर आपण तळे मागितले, त्याच तत्त्वावर आपल्याला विहार उघडावा लागेल. हा उपकार नाही आणि पडते घेणेही नाही. गावात सर्वांना समान दार असलेली एक तरी जागा असेल आणि ती आपण चालवत असू, तर पुढच्या ग्रामसभेत बांधाच्या समितीतली जागा मागताना आपला आवाज वेगळा असेल.

सावित्रीची ती खाडी आजही भरतीला वर चढते. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ते टीव्हीवर पाहिले. येत्या वर्षांत असे पाणी पुन्हा येईल. ते येण्याआधी आपली मोजणी पूर्ण असावी, कलम ६१ तोंडपाठ असावे, समितीत आपली माणसे असावीत. येत्या पावसाळ्याच्या आधीच्या शाखा-बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, एवढे करायला कुणाची परवानगी लागत नाही.

जयभीम!